पाच मिलिग्रॅम की पाच मिलिलिटर?

नमस्कार. अमेरिकेत हॉस्पिस नर्स व्हायला काय लागतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा जरा रागानेच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेत, पेशंटला बरं करायचंच नसतं, मग पदवी, परीक्षा, लायसन्स हा खटाटोप कशाला? तुमच्या आईची सेवा एका न शिकलेल्या बाईंनी शेवटपर्यंत केली, तशी कुठल्या नर्सने केली नसती. हॉस्पिस चळवळ सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांच्याकडे तरी करुणेशिवाय काय होतं? आणि मी सीएचपीएन (हॉस्पिस नर्सिंगचं खास सर्टिफिकेट) सक्तीचं आहे असं लिहिलं, तेही चूक.

शेवटचं आधी घेते, कारण तिथे तुम्ही मला पकडलंत. अमेरिकेत हॉस्पिस नर्सचं असं वेगळं लायसन्स नसतंच. लागतं ते रजिस्टर्ड नर्सचं: साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी किंवा चार वर्षांची बीएसएन ही नर्सिंगची पदवी, मग एनसीएलएक्स-आरएन ही परीक्षा आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा परवाना. सीएचपीएन ऐच्छिक आहे. त्या परीक्षेला बसायलाच मागच्या 12 महिन्यांत 500 तास किंवा 24 महिन्यांत 1000 तास हे काम केलेलं असावं लागतं. म्हणजे नोकरी आधी, सर्टिफिकेट मागून. मी उलटं लिहून बसले होते. लेख दुरुस्त केलाय.

आता 'खटाटोप'. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध. त्याचं तोंडाने द्यायचं एक घट्ट द्रावण येतं, एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम. डॉक्टरांनी लिहिलेले असतात 5 मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलिलिटर, सिरिंजच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढं. कुणी मिलिग्रॅम आणि मिलिलिटरची गल्लत करून 5 मिलिलिटर दिलं, तर पोटात 100 मिलिग्रॅम जातात. वीसपट. ही कल्पनेतली भीती नाही. अशा चुकांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये जाहीर इशारा दिला होता. आणि हे माप बहुतेकदा रात्री दोन वाजता, घरच्या मंद दिव्यात, डॉक्टर फोनवर असताना घ्यायचं असतं.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शुद्ध हरपत चाललेला माणूस एकाएकी तळमळायला लागतो, चादर ओढतो, उठू पाहतो. घरचे म्हणतात, 'आता शेवट आला, झोपेचं काहीतरी द्या.' शिकलेली नर्स आधी ओटीपोटावर हात ठेवून बघते. कधी कधी तिथे लघवी तुंबून टणक गोळा लागतो. कॅथेटर (लघवी काढायची नळी) घातला की थोड्या वेळात तोच माणूस शांत पडून राहतो. करुणा शिकलेल्या आणि न शिकलेल्या दोघींकडेही असेल हो, पण हात कुठे ठेवायचा ते कुणीतरी शिकवावं लागतं.

साँडर्सबाईंचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. त्या आधी प्रशिक्षित नर्स होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, तेव्हा हॉस्पिटलात समाजसेविका झाल्या, आणि मग चक्क मेडिकलला जाऊन 1957 मध्ये डॉक्टर. सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं ते त्यानंतर, 1967 मध्ये. दुखणं उसळायची वाट न बघता मॉर्फिन ठरल्या वेळी द्यायचं, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यामागे रीतसर अभ्यास होता.

तुमच्या आईची सेवा करणाऱ्या बाईंविषयी मात्र वाद नाही. अंग पुसणं, कूस बदलणं, सुकलेले ओठ ओले करणं यात कित्येक नर्सा त्यांच्यापुढे कच्च्या ठरतील. (मीही पहिल्या वर्षी होतेच.) अमेरिकन हॉस्पिसमध्ये हे काम हॉस्पिस एड, म्हणजे मदतनीस, करते. तिला पदवी लागत नाही, पण किमान 75 तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि निदान 14 दिवसांतून एकदा नर्स घरी येऊन तिचं काम कसं चाललंय ते बघते.

एकच विचारायचं राहिलं. आईंना मॉर्फिन चालू होतं का, आणि असेल तर ते कोण मोजायचं?