ताजी भाजी कशी ओळखावी

भेंडीचं टोक मोडून बघावं, काकडीला हळूच नख लावावं, वांग्याचा देठ पाहावा. एवढं शास्त्र तुम्हाला आईने शिकवलेलंच आहे. पालेभाजीला तेही लागत नाही. ओली असेल तर ताजी. सकाळी नऊला टवटवीत आणि रात्री आठलाही टवटवीत दिसणाऱ्या जुडीवर दिवसभर कुणीतरी पाणी शिंपडत असणार, हे उघड आहे. ते पाणी कुठलं, असं विचारू नका. गोणपाट शेवटचं कधी धुतलं, हे तर मुळीच नको. विचारायचा तो भाव. वीसची जुडी पंधराला मागा आणि वर चार काड्या कोथिंबीर फुकट घ्या. ही कोथिंबीर धुवायची नसते. धुतली की वास जातो आणि फ्रीजमध्ये लगेच सडते. कागदात गुंडाळून ठेवा आणि सकाळी थेट पोह्यांवर पेरा.

मुंबईकरांची आणखी एक सोय आहे. शेत बघायला त्यांना गावी जावं लागत नाही, लोकलची खिडकी पुरते. रेल्वेने ‘ग्रो मोअर फूड’ योजनेखाली रुळांलगतची मोकळी जमीन भाजी पिकवायला दिली. जमीन रेल्वेने दिली, पाण्याचं नाल्याने बघितलं. त्यावर लाल माठ आणि पालक असा तरारून येतो, की खताला वेगळा पैसा नको. खत पाण्यातच असतं. नाकाला रुमाल लावून त्या पाण्यावरून जायचं आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर हिरवागार पालक पाहून थांबायचं, याला श्रद्धा लागते. मीही थांबलो आहे. रंगच तसा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सांगून ठेवलंय, की कच्च्या खायच्या पिकाला सांडपाणी द्यायचंच असेल, तर लिटरभर पाण्यात कृमीचं एकापेक्षा जास्त अंडं नसावं. आता मोठ्या गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. जिनिव्हातल्या मंडळींना एकत्र कुटुंबाची सवय नसावी. या अंड्यांचं कवच चिकट असतं आणि दमट मातीत ती वर्षानुवर्षं टिकून राहतात. म्हणून आपली ती ‘नळाखालून एकदा काढली’ ही पद्धतच बरी. पानाला आंघोळ होते आणि अंड्याला त्रास होत नाही. प्रत्येक घराण्यात एखादी मावशी असते, मुळं कापून पान न् पान सुटं करणारी, वाहत्या पाण्याखाली चोळत बसणारी. तिला पाणीपट्टीची आठवण करून द्या.

फ्लॉवरच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. गड्डा मिठाच्या पाण्यात बुडवा आणि हिरवी अळी वर आली की घरभर दाखवत फिरा. ही बिचारी अळी आयुष्यभर फ्लॉवर खाते. तुमच्या मेंदूत जाण्याची तिला हौस नसते, मोबाइलवर कितीही मेसेज फिरोत. मेंदूत जाते ती पट्टकृमीची, म्हणजे डुकराच्या मांसातून होणाऱ्या लांब चपट्या जंताची पिल्लावळ. या कृमीची अंडी तो पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून येतात, तेव्हा ती मुळ्यावरही बसतात आणि सॅलडच्या पानावरही. पुढे आकडी येऊ लागली की घरचे म्हणतात, ‘आमच्याकडे तर अंडंही चालत नाही!’ डुकराचं मांस न खाणाऱ्याच्या आतड्यात तो कृमी होत नाही, हे खरं. पण त्याची अंडी पोटात जायला मांस खावं लागत नाही, कोशिंबीर पुरते. मिठाच्या पाण्यात अळी वर येते. अंडं येत नाही, आणि आलं तरी दिसलं नसतं.

मटकीला मोड आणून तिची उसळ करायची, म्हणजे चांगलं रटरटून शिजवायचं, ही आजीची जुनाट सवय सोडा. कच्चे मोड खा, त्यात प्रथिनं असतात. उबदार दमट फडक्यात मोडांबरोबर आणखी काय काय वाढतं, ते २०११ मध्ये जर्मनीने पाहिलं. तिथे जवळजवळ चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. आळ आधी स्पेनच्या काकडीवर आला. शोध घेता घेता सापडली मेथी! मोड आलेली मेथी, आणि तिचं बी बहुधा इजिप्तहून आलेलं. आपल्या मेथीची एवढी चर्चा परदेशात पूर्वी कधी झाली नसेल.

१० फेब्रुवारीच्या सुमारास शाळेत जंताची गोळी देतात, २०१५ पासून. त्या दिवशी पोराला घरी ठेवा. शेजारच्या मुलाला गोळीने मळमळलं होतं, हा भक्कम पुरावा आहे. आपल्याकडे वावडिंग असतं, ते नसेल तर ओवा. शिवाय जंत कशाने होतात, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: गोड खाल्ल्याने. म्हणून पोरगं रात्री कराकरा दात खाऊ लागलं, की गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवा, पेढे कपाटात. काकडीची कोशिंबीर राहू दे खालीच, त्याच्या हाताला येईल अशी. वरून कोथिंबीर घालायला विसरू नका.