नाव तिने ठेवलं होतं

आज सुप्रीम्सचा, म्हणजे 1960 च्या दशकात गाजलेल्या अमेरिकेतल्या तीन मुलींच्या गायनग्रुपचा, एक जुना फोटो सगळीकडे फिरतोय. खाली ओळ आहे, "डायना रॉस आणि तिच्या दोन कोरस गायिका". वाचून डोकं तडकलं. तिच्या? कोरस?

त्यातल्या एका 'कोरस गायिके'चं नाव फ्लोरेन्स बॅलार्ड. ती डेट्रॉइटच्या ब्रूस्टर-डग्लस या सरकारी वसाहतीत राहायची. 1959 मध्ये शहरात मुलांचा 'प्राइम्स' नावाचा गाणाऱ्यांचा ग्रुप होता. त्याला जोडीला मुलींचा ग्रुप हवा होता. प्राइम्सच्या मॅनेजरने आधी धरलं ते फ्लोरेन्सला. तिने मैत्रीण मेरी विल्सनला आणलं, डायना त्यानंतर आली. नाव ठेवलं 'प्राइमेट्स'. जानेवारी 1961 मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं, पण मालक बेरी गॉर्डींना ते नाव नको होतं. मग नावांची एक यादी फ्लोरेन्सपुढे आली. तिने 'सुप्रीम्स'वर बोट ठेवलं, कारण त्याला मुलींच्या ग्रुपांचं ते ठरलेलं 'एट्स'चं शेपूट नव्हतं. डायनाला ते पुरुषांच्या ग्रुपचं वाटलं, अजिबात आवडलं नाही. फ्लोरेन्स तेव्हा 17 वर्षांची होती.

ती यादी लक्षात ठेवा. मी फिरून तिथेच येणार आहे.

आवाजाचं म्हणाल, तर चर्चमध्ये घडलेला, भरदार, वरच्या पट्टीत न फाटणारा गळा. तेव्हा दोन-तीन जणी एकाच माइकवर कोरस द्यायच्या आणि नंतर त्यांचे आवाज वेगळे करता यायचे नाहीत. समतोल साधायचा तो उभं राहण्याच्या अंतराने. दणदणीत गळ्याची मुलगी पुढे आली की बाकीच्या बुडाल्याच. म्हणून फ्लोरेन्सला माइकपासून बरंच लांब उभं करायचे असं सांगतात. 1961 चं 'बटर्ड पॉपकॉर्न' ऐका, मुख्य आवाज तिचा आहे. 1965 मध्ये गायक सॅम कुकच्या आठवणीत केलेल्या अल्बममधलं 'एन्ट दॅट गुड न्यूज' ऐका. मग सांगा कोण कोरस.

डायनाचा बारीक, धारदार आवाज गाडीतल्या छोट्या रेडिओवर स्वच्छ कापत यायचा आणि 1964 पासून ओळीने पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली ती त्याच आवाजात. मान्य. त्याने फ्लोरेन्सचं गाणं कमी दर्जाचं होत नाही.

आता पैसा. मेरीने पुढे सांगितलं तो हिशेब असा: रेकॉर्डच्या छापील किमतीच्या 90 टक्क्यांवर 3 टक्के, तेही कर आणि वेष्टनाचा खर्च वजा करून, आणि उरेल ते ग्रुपमध्ये वाटून. एक डॉलरची रेकॉर्ड धरा. कर-वेष्टन सोडून दिलं तरी 2.7 सेंट होतात, तिघींत प्रत्येकी 0.9. त्यातून स्टुडिओचा आणि वादकांचा खर्च आधी वळता व्हायचा. रेकॉर्ड बाजारात न आलेल्या गाण्यांचासुद्धा. रेकॉर्ड कंपनी गॉर्डींची, गाण्यांचे हक्क सांभाळणारी कंपनी त्यांची, कलाकारांचं काम बघणारी मॅनेजमेंट कंपनीही त्यांचीच. म्हणजे मालकाशी तुमच्या वतीने भांडायचं ते मालकाच्याच माणसाने! त्याच दशकात आपल्याकडे लताबाई रॉयल्टीसाठी ठाम उभ्या राहिल्या, पण तोवर त्यांच्यावाचून निर्मात्यांचं अडत होतं. कोवळ्या वयात सही केलेल्या वसाहतीतल्या मुलीकडे काय होतं?

1967 मध्ये ग्रुपचं नावच 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं. त्याच जुलैमध्ये लास व्हेगासच्या फ्लेमिंगो हॉटेलातले कार्यक्रम चालू असताना फ्लोरेन्सला काढलं. जागी आली सिंडी बर्डसाँग, जी एप्रिलमध्येच 'हॉलिवूड बोल' या खुल्या रंगमंचावर तिच्या बदली उभी राहिली होती. म्हणजे तयारी आधीपासून होती. हो, फ्लोरेन्स प्यायची, कार्यक्रम चुकवायची. चुकलंच तिचं. पण आजारी माणसाला घरी पाठवणं वेगळं आणि त्याचं नाव काढून घेणं वेगळं.

फेब्रुवारी 1968 मध्ये मोटाउनशी तडजोड झाली. सगळे हक्क सोडायचे, बदल्यात एकरकमी 1,39,804 डॉलर 94 सेंट. आणि अट अशी की यापुढे जाहिरातीत 'पूर्वीची सुप्रीम' म्हणून मिरवायचं नाही. तीच यादी, तेच नाव, आणि ज्या मुलीने ते निवडलं तिलाच ते लावायची बंदी!

ही अट किती जीवघेणी होती बघा. एबीसी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने 1968 मध्ये तिची दोन सिंगल्स, म्हणजे सुट्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड, काढली. रेडिओवाल्यांकडे नव्या रेकॉर्डींचा ढीग यायचा, त्यात 'फ्लोरेन्स बॅलार्ड' एवढं वाचून कोण थांबणार? पाकिटावर 'सुप्रीम्सची' एवढा एक शब्द असता तर निदान एकदा लागली असती. दोन्ही सिंगल्स पडली, तयार अल्बम कपाटात गेला. आणि इकडे सुप्रीम्सच्या नावावर निघालेल्या 1969 च्या 'समडे वी विल बी टुगेदर'मध्ये डायनामागे मेरी आणि सिंडी नाहीतच, दुसऱ्याच गायिका आहेत. ज्या गायल्या नाहीत त्यांना नाव चालतं, आणि जिने ठेवलं तिला नाही?

1971 मध्ये तिने मोटाउनवर 87 लाख डॉलरचा दावा लावला. कोर्टाने तो फेटाळला, कारण तडजोडीवर तिची सही होती. पुढे घर गेलं. तीन मुलींना घेऊन सरकारी मदतीवर दिवस काढले.

राग येतो, पण जून 1975 आठवला की तो जरा निवतो. कैदेत अत्याचार करणाऱ्या पहारेकऱ्याला मारल्याचा आरोप असलेल्या जोन लिटलच्या खटल्यासाठी डेट्रॉइटच्या फोर्ड ऑडिटोरियममध्ये मदतीचा कार्यक्रम होता. फ्लोरेन्स तिथे गायली, आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. ते तिला विसरले नव्हते. पुढच्या फेब्रुवारीत हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन ती गेली. वय 32.

तो फोटो ज्यांनी टाकलाय त्यांनी कृपा करून ओळ बदला. द सुप्रीम्स. डावीकडून फ्लोरेन्स बॅलार्ड, मेरी विल्सन, डायना रॉस.