अर्बाइट्सना पॉवर आर्मर नकोच

वॉरहॅमर ४०,००० हा छोट्या मूर्ती घेऊन टेबलावर खेळायचा युद्धाचा गेम. तो खेळणाऱ्यांत ही आयडिया सारखी वर येते, की अॅडेप्टस अर्बाइट्सना, म्हणजे इम्पेरियम या माणसांच्या साम्राज्याच्या पोलिसांना, पॉवर आर्मर (यंत्राच्या ताकदीवर चालणारं जड चिलखत) द्या. ते चिलखत घालणाऱ्या स्पेस मरीन या महासैनिकाच्या मूर्तीचं धड घ्यायचं, वर अर्बाइट्सचं हेल्मेट चिकटवायचं, काळा रंग मारला की झाले हेवी पोलीस. दिसतं भारीच, पण मला हे अजिबात पटत नाही.

टेबलावरचंच बघा ना. पॉवर आर्मरचा सेव्ह (वार झेलायला फाशावर किमान किती पडायला हवेत) ३+, अर्बाइट्सच्या साध्या कडक कॅरापेस चिलखताचा ४+, फरक फाशावरच्या एका आकड्याचा, पण ३+ वाला उघड्यावरून सरळ चालत जातो आणि ४+ वाल्याला ढाल लागते, कव्हर लागतं, शेजारी आपला माणूस लागतो. २०२३ च्या सोलशॅकल बॉक्समधली अर्बाइट्सची एक्झॅक्शन स्क्वॉड बघा, सबडक्टर ढाल आणि शॉक मॉल (शॉक देणारा दंडुका) घेऊन पुढे, मागून व्हिजिलंटच्या शॉटगन, लीशमास्टरचा सायबर-मॅस्टिफ हा यांत्रिक कुत्रा, कुणाकडे जाळं फेकणारा वेबर... ही धरपकड करणारी माणसं आहेत राव! ट्रकएवढ्या चिलखतात बसवलं की ते परत मरीनच होतात, फक्त कमी ताकदीचे.

कोणीतरी म्हणेल सिस्टर्सकडे, म्हणजे इम्पेरियमच्या चर्चच्या बायका सैनिकांकडे, पॉवर आर्मर आहे की. आहे, पण त्या शत्रूला जाळायला येतात, अटक करायला नाही.

आणि इम्पेरियमचा इतिहास आठवा. होरस या सेनापतीच्या बंडानंतर गिलिमन या दुसऱ्या सेनापतीने मरीनच्या प्रचंड लीजन फोडून हजार-हजारांचे चॅप्टर केले, सैन्य एकीकडे आणि जहाजं दुसरीकडे ठेवली, आणि खूप पुढे, चर्चसकट सगळी सत्ता बळकावणाऱ्या वँडायरनंतर, चर्चला पुरुष सैनिक ठेवायला बंदी आली. सगळी ताकद एका हातात जाऊ नये हीच भीती सगळीकडे. अर्बाइट्स तर ग्रहाच्या गव्हर्नरवरच नजर ठेवतात, त्याने बंड केलं तर मूठभर लोकांनी प्रिसिंक्टची, म्हणजे आपल्या किल्ल्यासारख्या ठाण्याची, दारं लावून मदत येईपर्यंत तग धरायचा. ही गोष्ट मला या अख्ख्या विश्वात सगळ्यात जास्त आवडते आणि ती चिलखत कमी पडतं म्हणूनच उभी राहते.

नेक्रोमुंडात, म्हणजे याच विश्वातल्या गँगवॉरच्या गेममध्ये, तर हे अजून स्पष्ट आहे. तिथे खरे पॉवरवाले सूट कोणाकडे आहेत? स्पायरर्सकडे. उंच शहराच्या वरच्या टोकातली, स्पायरमधली, श्रीमंत घराण्यांची पोरं परग्रहावरून आणलेले हंटिंग रिग (शिकारीचे सूट) घालून खाली अंडरहाइव्हमध्ये, तळाच्या गरीब वस्तीत, माणसं मारायला उतरतात, शिकार म्हणून, आणि जितके मारतील तितका रिग जास्त ताकदवान होतो. ओरस, येल्ड, मालकाडॉन, जकारा, सगळे त्या रिगवाल्यांचेच प्रकार. आणि गव्हर्नर हेल्मॉरचे एन्फोर्सर (हे अर्बाइट्स नाहीत, तिथले स्थानिक पोलीस) त्याच गल्ल्यांत ढाल नि दंडुका घेऊन गँगवाल्यांच्या मागे. कोणाच्या अंगावर काय आहे एवढ्यावरून त्या शहरात कोणाचा जीव किती किमतीचा ते कळतं. एन्फोर्सरला पण तसाच सूट घातला की हे सगळं पुसलं जातं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बाकी साय-फाय गेम्समध्ये इतकं नेमकं क्वचितच दिसतं.

त्यापेक्षा एन्फोर्सरची अख्खी टीम विरुद्ध एकटा ओरस, अरुंद बोगदे, असा सिनारिओ लावा. कोणाकडे दोन्हीच्या मिनी (मूर्ती) असतील तर कमेंटमध्ये सांगा, टेरेनचं मी बघतो.