थायरॉईडची गोळी, सकाळचा चहा आणि पोट

डॉक्टरांची खोली आणि बाहेरचे बाक यांच्यात नुसतं प्लायवूडचं पार्टिशन असलं की आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. केस गळतात, वजन उतरत नाही, सकाळी उठवत नाही, पाय सुजतात, चिडचिड होते. बाई सगळं सांगते. मग डॉक्टर विचारतात, "पोट साफ होतं का?" की लगेच, "हो हो, ते ठीक आहे." शेजारी नवरा नाहीतर मुलगा बसलेला असतो, काय सांगणार? तीच बाई बाहेर आली की बाकावर बसलेल्या दुसऱ्या बाईला हळूच विचारते, "तुम्ही पोटासाठी काय घेता हो?"

मला या प्रकाराची चीड येते. थायरॉईड कमी असणं आणि पोट न होणं हे बहुतेकदा एकाच दुखण्याचं असतं. पहिल्यासाठी आपण रक्त तपासतो आणि दुसऱ्यासाठी शेजारणीला विचारतो.

मी डॉक्टर नाही. गोळी मात्र बरीच वर्षं चालू आहे, आणि आमच्या माहेरी हे दुखणं बायकांमध्ये दागिन्यांसारखं पिढ्यान्‌पिढ्या उतरलेलं आहे. त्यामुळे जे वाचलं, विचारलं आणि स्वतःच्या पोटावर पाहिलं ते लिहिते.

थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की शरीरातलं सगळंच संथ होतं. नाडी संथ, विचार संथ, आतड्यांची हालचालही संथ. अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, मळ मोठ्या आतड्यात जास्त वेळ पडून राहतो, तिथे त्यातलं पाणी शोषलं जातं आणि मग तो खडा होतो. अशा वेळी "पाणी जास्त पी गं" एवढा सल्ला अपुरा आहे. पाणी प्यावंच, पण आतडं ढकलायलाच तयार नसेल तर त्या पाण्याने मूत्राशय भरेल, दुसरं काय होणार?

माझ्या मावशीचं उदाहरण सांगते. अकोल्याची. तिच्या कपाटात चूर्णांचा एक खणच होता. दर महिन्याला नवा डबा, कारण जुन्याचा "गुण येईनासा झाला". वय झालंय, बसून असते, म्हणून असं होतं असं घरातले म्हणायचे. मे महिन्यात, अकोल्याच्या मे महिन्यात, ती पंखा बंद करा म्हणायची आणि अंगात स्वेटर घालून बसायची. आवाज घोगरा झाला होता, बोलणं लांबत चाललं होतं. शेवटी ती सर्दी-तापासाठी एका नव्या डॉक्टरकडे गेली. त्याने तिच्या हाताची कोरडी कातडी पाहिली, तिला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेवरच्या शिरेवर हातोडीने टिचकी मारली. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर येताना सावकाश, आळसावल्यासारखं आलं. मी तिथेच उभी होते. तो म्हणाला, "टीएसएच करून घ्या." टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं, मेंदूकडून येणारं हार्मोन; थायरॉईड कमी पडलं की ते उलट चढतं. रिपोर्टमध्ये ते भरमसाट वाढलेलं. गोळी सुरू झाली, हळूहळू डोस वाढवला, आणि काही महिन्यांत चूर्णाचा खण रिकामा झाला. म्हातारपणी थायरॉईड कधीकधी एवढ्याच खुणांनी बोलतं: पोट होत नाही, थंडी वाजते, माणूस मंद झालंय. आणि या तिन्ही गोष्टी आपण वयाच्या खात्यावर टाकतो.

तर पहिली गोष्ट गोळी. पोट पुन्हा कडक व्हायला लागलं की चूर्णाकडे वळण्याआधी गोळी नीट पोटात जाते का ते बघायचं. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडलेलं हार्मोनच बाहेरून देणारी ही थायरॉईडची गोळी, फार नखरेल आहे. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहाही नाही.

इथे खरी पंचाईत आहे. आपल्याकडे अर्ध्या महाराष्ट्राचं पोट चहाच्या कपावर चालतं. गरम काहीतरी पोटात गेलं की मोठ्या आतड्याला जाग येते, ही शरीराची स्वाभाविक व्यवस्था आहे. पण गोळी म्हणते चहा थांबव. मग काय होतं? साडेपाचला उठून गोळी घेतली, साडेसहाला चहा, आणि पोटाला हाक येते ती सात वाजता. सात वाजता डबे भरायचे असतात, मुलाची बस असते, नळाचं पाणी जायच्या बेतात असतं. हाक दाबली जाते. काहीजणी यावर उपाय म्हणून चहाबरोबरच गोळी गिळून टाकतात. म्हणजे गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच चढतं, पोट आणखी संथ होतं आणि आपण पुन्हा चूर्णाच्या खणाशी.

ज्यांचं सकाळचं गणित जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारावं की गोळी रात्री झोपताना घेतली तर चालेल का. शेवटच्या जेवणानंतर निदान तीन तास गेले असतील तर अनेकांना ते चालतं. अर्थात आपल्याकडे जेवणंच साडेनऊला होतात, त्यामुळे हेही सगळ्यांना जमणारं नाही. मला जमलं नाही. डोस बदलला किंवा वेळ बदलली की रक्त सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून स्वतःच अर्धी गोळी वाढवायची नाही. जादा डोसने छातीत धडधड होते, हाडं विरळ होतात.

दुसरं चक्र याहून वाईट आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. थायरॉईड कमी असलं की पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं. रक्त जातं म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. मग लोहाची गोळी सुरू होते. लोहाने पोट आणखी कडक होतं. आणि लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीजवळ घेतली तर ती तिचं शोषणच अडवते! कॅल्शियमचंही तेच, काही अँटासिडचंही तेच. चार तासांचं अंतर हवं. सगळ्या गोळ्या एकदाच घेऊन मोकळं व्हायची आपल्याला भारी हौस. घरातल्या कुणाच्या गोळ्यांच्या डबीत सकाळच्या कप्प्यात तिन्ही एकत्र दिसल्या तर आजच वेगळ्या करा. आणि लोहाने फारच त्रास होत असेल तर तसं सांगा, प्रकार किंवा मात्रा बदलता येते.

आता खाणं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या "थायरॉईडमध्ये हे खाऊ नका" या यादीत कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक, शेंगदाणे, बाजरी, सगळं असतं. ती यादी मनावर घेऊन आमच्या सोसायटीतल्या एकीने भाज्याच बंद केल्या आणि वरण-भात, दही-भातावर आली. पोट होणार कसं? कोबी वगैरेंमध्ये थायरॉईडला आयोडीन वापरण्यात अडथळा आणणारी द्रव्यं असतात हे खरं, पण भाजी शिजवली की त्यांचा जोर उतरतो. आपण आयोडीनयुक्त मीठ खातो. आणि ज्यांना हार्मोन गोळीतूनच मिळतंय त्यांनी वाटीभर कोबीच्या भाजीला भ्यायचं कारण नाही. सोयाबीनचं तेवढं गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा. धण्याचं पाणी पिऊन गोळी बंद करा म्हणणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, भाषा बिघडेल.

पॉलिशच्या तांदळात 100 ग्रॅमला जेमतेम 3 ग्रॅम फायबर असतं, ज्वारी-बाजरीत 10 च्या आसपास. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम हवं. त्यामुळे रात्रीचा भात जाऊन भाकरी आली, बरोबर मटकीची उसळ किंवा अळूचं फदफदं आलं, दुपारी एक पेरू आला, की बरंच काम होतं. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि अंजीर मलाही लागू पडतात. सकाळी कोमट पाणी-तूप घेणाऱ्यांनी खुशाल घ्यावं, फक्त गोळीनंतर तासाभराने.

आणि उपवास! संकष्टी, गुरुवार, एकादशी, वर श्रावण. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात फायबर जवळजवळ नाहीच. खिचडीतल्या दाण्याच्या कुटाने थोडी अब्रू वाचते इतकंच. देवाला चालत असेल, संथ आतड्याला चालत नाही. राजगिरा आहे, भगर आहे, रताळं आहे, फळं आहेत. उपवास सोडा असं मी म्हणत नाही. साबुदाण्याची वडी, वडे, खिचडी आणि खीर एकाच दिवशी नको.

इसबगोल चांगलं, पण त्यालाही शिस्त आहे. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, ग्लासात घट्ट व्हायच्या आत पिऊन टाकायचं, थोड्यापासून सुरुवात करायची. आतडं संथ असताना एकदम दोन-तीन चमचे ढकलले तर पोट ढोलासारखं फुगतं आणि काम होत नाही ते नाहीच. शिवाय इसबगोलही थायरॉईडच्या गोळीचं शोषण कमी करू शकतं, म्हणून गोळी रात्री घेणाऱ्यांनी इसबगोल रात्री घेऊ नये. चूर्णांच्या डब्यावर मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचा. बऱ्याच डब्यांत सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटा काढून हलवते. अडीअडचणीला घ्यायला हरकत नाही, पण रोजच लागत असेल तर ते डॉक्टरांना माहीत हवं. "आयुर्वेदिक आहे, त्यात काय सांगायचं" हे चालणार नाही. आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करणारी औषधं असतात, लॅक्ट्युलोजचं सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. ती लिहून मिळतात आणि गरज असेल तर जास्त दिवसही देतात. मात्र मागितल्याशिवाय, म्हणजे त्रास सांगितल्याशिवाय, कोण लिहून देणार?

गुडघ्यांमुळे घरोघरी कमोड आले. त्यावर बसताना पायाखाली नहाणीतलं बुटकं प्लास्टिकचं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. उकिडवं बसल्याचा निम्मा फायदा मिळतो, कुंथणं कमी होतं.

गोळीची वेळ सुधारली, टीएसएच जागेवर आलं, भाकरी आली, आणि तरी पोट होत नसेल तर सगळं खापर थायरॉईडवर फोडायचं नाही. दुसरं कारण शोधायला हवं. शौचावाटे रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर सवय अचानक बदलणं, यांत मूळव्याध असेल म्हणून घरी बसायचं नाही. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, गॅससुद्धा सरत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना.

राहता राहिली सकाळ. आलेली हाक पुन्हा पुन्हा दाबली की ती यायचीच कमी होते, हे शरीर आपोआप शिकतं. घरातले पुरुष मोबाईल घेऊन अर्धा अर्धा तास आत बसतात (त्यानेही मूळव्याध होते, तो वेगळा विषय) आणि बाईचा नंबर सगळ्यांचं आवरल्यावर लागतो. मग ऑफिसच्या संडासाला कडी नसते, कडी असली तर पाणी नसतं. संध्याकाळपर्यंत धरून ठेवायचं. यावर औषधाच्या दुकानात काही मिळत नाही. आमच्याकडे भांडून ठरवून घेतलंय, चहानंतरची पंधरा मिनिटं बाथरूम माझं, त्या वेळात डबे नवरा भरतो. भाजीचा रस पोळीला लागतो अशी मुलीची तक्रार आहे. तिला सांगितलंय, दहावीत आहेस, तूच भरत जा.