पक्ष काढा, पण कबूल करू नका

राजकीय पक्ष काढायचा विचार आहे? उत्तम. मग आजपासूनच पक्ष या प्रकाराला नावं ठेवायला लागा. झेंडा, जाहीरनामा, वर्गणी हे सगळं मागाहून. तुम्हाला गटबाजीची किळस येते हे आधी चार लोकांत ठसलं पाहिजे. थॉमस जेफरसनने १७८९ मध्येच एका मित्राला लिहून ठेवलं होतं की, पक्षाबरोबरच स्वर्गात जावं लागणार असेल तर मला तो स्वर्गच नको. तीन-चार वर्षांत हेच गृहस्थ अमेरिकेतल्या पहिल्या विरोधी पक्षाचे, म्हणजे रिपब्लिकनांचे, पुढारी होते. सुरुवात अशी सोवळ्यात हवी.

मग भांडण काढा. ते पैशावरून असू द्या, पण तत्त्वाचं म्हणून खपवा. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातली कर्जं केंद्राच्या अंगावर घ्यायची होती. जेफरसनच्या व्हर्जिनिया राज्याने आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं, त्यामुळे तिकडे संताप. १७९० च्या जूनमध्ये जेफरसनने हॅमिल्टनला आणि व्हर्जिनियाचा प्रतिनिधी, आपला मित्र जेम्स मॅडिसनला जेवायला बोलावलं. पानावरून उठेपर्यंत सौदा ठरला: कर्ज केंद्राकडे, राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी. दोन वर्षांनी जेफरसन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनना कळवतो की, अर्थमंत्र्याने मला फसवलं! यजमान स्वतः, पंगत स्वतःची, आणि फसले कोण तर हेच. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता संघटना. सभा वगैरे भरवू नका, लोकांना संशय येतो. हवापालटाला जा. १७९१ च्या उन्हाळ्यात जेफरसन आणि मॅडिसन न्यूयॉर्क, व्हर्मॉन्टकडे फिरून आले. गव्हावरच्या किडीची माहिती गोळा केली, साखरेचे मेपल पाहिले, लेक जॉर्जचं कौतुक केलं. हॅमिल्टनच्या माणसांना त्यात भलताच वास आला. वनस्पतीशास्त्रात कोणी इतका रस घेतो यावर राजकारण्यांचा विश्वासच बसत नाही.

वर्तमानपत्र मात्र हवंच, आणि इथे पदरमोड करायची नाही. जेफरसन परराष्ट्रमंत्री. त्याने फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला खात्यात भाषांतराच्या कारकुनीवर घेतलं, वर्षाला २५० डॉलर. कवीला येत होती फक्त फ्रेंच, आणि फ्रेंच तर खुद्द साहेबांनाही येत होती. तेव्हा काम बेताचंच. उरलेल्या वेळात फ्रेनो ‘नॅशनल गॅझेट’ काढायचा आणि त्यात सरकारला, म्हणजे आपल्याला पगार देणाऱ्यालाच, झोडपायचा. हॅमिल्टनने टोपणनावाने विचारलं, हा पगार भाषांतराचा की शिव्यांचा? प्रश्न रास्त होता. फक्त तो छापून आला जॉन फेनोच्या पत्रात, आणि फेनोचं पोट अर्थखात्याच्या छपाईकामावर. जेफरसनने परमेश्वराला साक्षी ठेवून कळवलं की, त्या पत्रातली एक ओळही माझी नाही. खरंच नव्हती. मॅडिसनच्या होत्या, बिननावाच्या. त्याने तिथे देशातले दोन पक्ष समजावून सांगितले: एकाचा जनतेवर विश्वास आहे, दुसऱ्याचा नाही. आपला कोणता, हे वाचकाच्या बुद्धीवर सोडलं.

फ्रेनो पत्राच्या तीन-तीन प्रती न मागता राष्ट्राध्यक्षांच्या घरी पाठवायचा. वॉशिंग्टन त्याला ‘तो बदमाश’ म्हणायचे. तुमचंही पत्र अशा ठिकाणी मोफत पोचेल असं पाहा.

पक्षबाजीविरुद्ध एखादं थोर प्रवचन झालं तर फारच छान. वॉशिंग्टननी सप्टेंबर १७९६ मध्ये निरोपाचं निवेदन छापून पक्षवृत्तीच्या दुष्परिणामांबद्दल देशाचे कान टोचले. मसुद्यावर हात फिरवला होता हॅमिल्टनने, म्हणजे सरकारी बाजूच्या फेडरलिस्ट पक्षाच्या सर्वेसर्वाने. एवढा अधिकारी माणूस दुसरा मिळाला नसता.

सत्ता आली की टीकेविरुद्ध कायदा करा. फेडरलिस्टांनी १७९८ मध्ये केला. सरकार, काँग्रेस (म्हणजे तिकडची संसद) आणि राष्ट्राध्यक्ष यांची बदनामी हा गुन्हा. उपराष्ट्राध्यक्षाचं नाव यादीत नव्हतं, कारण त्या खुर्चीवर जेफरसन बसले होते. त्यांना हवं ते बोला. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे फेडरलिस्ट राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांची कारकीर्द संपते तो दिवस. पुढे विरोधक आले तर त्यांच्या हाती हे हत्यार नको. बारकावे असे पाहावेत.

सभागृहातल्या शिष्टाचारासाठी जेफरसनच्या पक्षाचे व्हर्मॉन्टचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन अभ्यासा. १७९८ च्या जानेवारीत कनेक्टिकटचा फेडरलिस्ट सदस्य रॉजर ग्रिसवोल्डने त्यांच्या लष्करी शौर्यावरून टोमणा मारला, तर हे त्याच्या तोंडावर थुंकले. पंधरवड्याने ग्रिसवोल्ड काठी घेऊन आला आणि भर सभागृहात त्यांना बडवू लागला. लायननी शेगडीतला चिमटा उचलला. दोघेही मग जमिनीवर, सन्माननीय सदस्य भोवती. त्याच वर्षी बदनामीच्या कायद्याखाली लायन चार महिने तुरुंगात गेले आणि तिथूनच पुन्हा निवडून आले. तेव्हा उमेदवार निवडताना नुसतं शिक्षण पाहू नका.

कारण १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांचाच जोडीदार ॲरन बर यांना निर्वाचकांची प्रत्येकी ७३ मतं पडली आणि प्रकरण प्रतिनिधीगृहात गेलं. तिथे एका राज्याला एकच मत. पस्तीस फेऱ्या झाल्या, निकाल नाही. छत्तिसाव्या फेरीला व्हर्मॉन्टचा फेडरलिस्ट सदस्य बाजूला झाला आणि राज्याचं मत उरलं एकट्या लायनच्या हाती. ते जेफरसनना गेलं.

शपथविधीला जेफरसन म्हणाले, आपण सगळेच रिपब्लिकन, सगळेच फेडरलिस्ट. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या एका मंत्र्याला लिहिलं की, फेडरलिस्टांना अशा खोल गर्तेत बुडवीन की तिथून पुनरुत्थान नाही. भाषण तेवढं छापायला दिलं होतं.