कासव कुणाच्या वाटणीला?

आज सकाळी रंकाळ्यावर एक जुना दोस्त भेटला. चहा घेता घेता त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. तळहातावर मावेल एवढं कासवाचं पिल्लू. आल्डाब्रा जातीचं. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला घेणार, पन्हाळ्याच्या पायथ्याला फार्महाऊस आहे तिथं सोडणार. वर म्हणाला, "भावा, दीडशे वर्षं टिकतंय. पैसे वसूल."

टिकतंय! हा शब्द पायताणाला वापरतात रे. तिथंच त्याच्यावर ओरडलो. तेव्हापासून कामात लक्ष लागेना, म्हणून इथं लिहितोय.

गारगोटीच्या पुढं आमचं गाव. मी पहिलीत असताना आजोबांनी वेदगंगेतनं एक कासव आणून विहिरीत सोडलं. विहिरीत कासव असलं की पाणी चांगलं राहतं, ही तेव्हाची समजूत. साधं वीतभर कासव. मोटर बंद असली की कपारीत येऊन बसायचं. आजोबा रोज भाकरीचा तुकडा टाकायचे आणि ते वर येईपर्यंत काठावर थांबायचे. मी दहावीत असताना आजोबा गेले. कासव होतं.

हा गडी जे आणायला निघालाय ते वीतभर राहणार नाही. सेशेल्स बेटांवरचा तो प्राणी, नर अडीचशे किलोपर्यंत जातो. वयात यायलाच वीस-पंचवीस वर्षं घेतो. तोवर लेक शिकून पुण्याला, नाहीतर जर्मनीला गेलेली असणार. मग त्याला चारा कोण घालणार? वॉचमन? फार्महाऊस विकलं तर सातबाऱ्यावर कासव चढवणार काय?

सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन बघा. तोही कासवच. जन्म अंदाजे 1832 चा. 1882 साली तो त्या बेटावर आणला, तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. आपले शाहू महाराज तेव्हा कोल्हापूरच्या गादीला दत्तकसुद्धा आले नव्हते, ते 1884 साली आले. एवढा काळ! पण जोनाथन राहतो गव्हर्नरच्या बंगल्यात. गव्हर्नर बदलले, बंगला सरकारी तो सरकारीच राहिला. त्याचे डोळे गेले, वास येईना, तर जनावरांचे डॉक्टर हातानं फळं-भाज्या भरवायला लागले. आपल्या कुणाच्या घरात अशी सोय आहे सांगा. आपल्यात तीन पिढ्या एका घरात टिकेनात.

रीतसर कागद करून, नोंद करून परदेशी कासव पाळता येतं, मान्य. (आपलं स्टार कासव पाळणं मात्र गुन्हाच आहे. तरी वास्तूला चांगलं म्हणून लोक गपचूप ठेवतातच.) दोस्ताकडे जागा आहे, पैसा आहे, माणूस मायाळू आहे, हेही खरं. माझे आजोबाही मायाळूच होते की.

आजोबांनंतर वडील आणि काकांच्या वाटण्या झाल्या. बांध मोजले, आंब्याची झाडं मोजली, पितळेची भांडीसुद्धा तोलली. विहीर काकांकडं गेली. कासवाचं नाव कुणी काढलं नाही. पाच वर्षांपूर्वी चुलतभावानं तो तुकडा प्लॉटसाठी विकला. मी फोनवर काय विचारलं? गुंठ्याला भाव किती आला. बास. कासव मला आठवलंच नाही. दिवाळीला गेलो तर विहिरीच्या जागी सपाट मुरूम. भराव टाकणारा पोरगा गावातलाच. त्याला विचारलं, तर म्हणाला, तळाला पाणी होतं, तसंच भरलं.

हे आजवर घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

दोस्ता, तू हे वाचशील. सकाळी चारचौघांत ओरडलो, ते चुकलंच. ॲडव्हान्स अजून दिला नाहीस म्हणालास ना? देऊ नको. रविवारी लेकीला घेऊन जेवायला या. मी अजून तिला बघितलंसुद्धा नाही.