लपलेल्या बॅकअपनं गिळलेली जागा

परत तेच! आईच्या साठीचे फोटो एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकायला बसले आणि समोर लाल पट्टी: जागा शिल्लक नाही. डिस्क 1 टीबीची. त्यातले 931 जीबीच दिसतात, ते ठीक. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि कॉम्प्युटर 1024 च्या. पण माझे सगळे फोल्डर निवडून बेरीज केली तर जेमतेम 690. मग उरलेले 240 जीबी गेले कुठे?

विंडोजमधली लपवलेल्या फाइली दाखवणारी सेटिंग चालू केली, तरी काही दिसेना. संरक्षित सिस्टम फाइलींसमोरची खूण वेगळी काढावी लागली, तेव्हा कुठे 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचं फिकट फोल्डर समोर आलं. त्याचा आकार? शून्य बाइट! परवानगी नाही म्हणून खरा आकडाही सांगत नाही. शेवटी सिस्टम प्रोटेक्शनमध्ये जाऊन त्या ड्राइव्हचे सगळे रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजनं मागे जाता यावं म्हणून याच फोल्डरात साठवलेल्या जुन्या प्रती, पुसले, त्यांना किती जागा द्यायची त्या मर्यादेची पट्टी खाली ओढली, शेजारचा लपलेला रिसायकल बिनही रिकामा केला. मग जागा सुटली.

अरे, डिस्क माझी, पैसे माझे! जुन्या प्रती ठेवायच्या तर खुशाल ठेवा, पण डोळ्यांसमोर ठेवा, किती जागा खाल्ली ते सांगा. दर चार-सहा महिन्यांनी मी हीच शोधाशोध का करायची? आणि ज्यांना हे मेनू ठाऊकच नाहीत त्यांनी काय करायचं? माझ्या मावशीनं सरळ नवी डिस्क विकत आणली. जुनी उघडून बघितली तर तिच्यातही हाच प्रकार.